भुरकीची डागाळलेली पानं

यंत्राला मी सासूबाई म्हणत असे. माझ्या खऱ्या सासूबाई गरीब स्वभावाच्या होत्या, त्यांचा या नावाशी काही संबंध नाही. हे यंत्र फ्रिजएवढं, आणि त्याच्यापुढे काहीही ठेवा, पसंत म्हणून पडायचं नाही. एका बाजूने पानांचा अर्क घालायचा. यंत्र त्यातली हजारो द्रव्यं वेगळी करायचं, एकेका द्रव्याचा थेंब फुप्फुसाच्या पेशींच्या एकेका इवल्या खळग्यात टाकायचं, मग त्या पेशींवर विषाणू सोडायचं आणि दोन-तीन दिवसांनी पडद्यावर निकाल द्यायचं: 'नाही.' अडुळसा, नाही. गुळवेल, नाही. बांधावरची, ओढ्याकाठची, नाव असलेली आणि नसलेली, सगळ्या झाडपाल्याला एकच उत्तर.

म्हणून त्या मार्चमध्ये पडद्यावर 'आहे' उमटलं तेव्हा यंत्र बिघडलं असंच मी धरून चालले. बंद करून पुन्हा सुरू केलं. नवा अर्क, नव्या पेशी. तीन दिवस मी पडद्यासमोरून हलले नाही. पुन्हा 'आहे'. मी खुर्चीवरून ताडकन उठले, जोरात ओरडले, कुणाला तरी सांगावं म्हणून वळले, तर मागे फ्रीजर. त्या घरात माझ्याशिवाय कुणी नसतं हे आनंदात क्षणभर विसरायला झालं होतं.

मी मृणाल धुमाळ. वनस्पतींतली रसायनं शोधणं हा माझा धंदा. कोयनेच्या वर, घाटमाथ्यावर, कारवटे गावाच्या बाहेर एका बंगल्यात मी काचेआड राहत होते. काचेआड म्हणजे खरोखरच. व्हरांड्याला जाड काच, खिडक्यांना काच, आत येणारी हवा गाळून यायची. कारण 'कोरडा'.

त्या विषाणूला सरकारी कागदावर लांबलचक नाव आहे, पण लोक नुसतं कोरडा म्हणतात. बहुतेकांना दोन दिवस कोरडा खोकला येतो, आल्याचा चहा होतो आणि तिसऱ्या दिवशी माणूस कामावर जातो. लस घेतलेली असली तर तेवढंही होत नाही. पण काही थोड्या माणसांच्या फुप्फुसातल्या पेशींची बाहेरची ठेवण जरा वेगळी असते. विषाणूला तिथे अशी पकड मिळते की लसीने तयार केलेले पहारेकरी ती सोडवूच शकत नाहीत. अशी माणसं एकदा खोकली की आठवड्यात संपतात. आम्हाला लोक 'काचवाले' म्हणतात. प्रत्येक तालुक्यात आमची चार-दोन घरं असतात. पोस्टमन, पाहुणे, पोटची पोरं, सगळे काचेपलीकडून हात हलवून जातात.

सासूबाईंच्या खळग्यांतल्या पेशीही माझ्याच होत्या. कोरडा आमच्यासारख्यांच्याच पेशींत भराभर वाढतो, म्हणून मी माझ्या फुप्फुसाचा कण काढून दिला होता आणि तो प्रयोगशाळेत वाढवला होता. म्हणजे ते यंत्र आपल्या हवाबंद पोटात रोज माझ्यावरच विषाणू सोडत होतं आणि रोज मीच त्या खळग्यांत मरत होते. याची सवय होते. कशाचीही होते.

धैर्यशीलची मात्र सवय होईना. माझा नवरा, कराडला कॉलेजात भूगोल शिकवतो. दर रविवारी घाट चढून यायचा, व्हरांड्यात काचेपलीकडे खुर्ची टाकून बसायचा, आणि आम्ही स्पीकरवरून बोलायचो. पाण्याची टाकी, त्याच्या आईचे गुडघे, परीक्षेचे पेपर. त्याचा हात शेवटचा कधी धरला ते मला आठवत होतं, पण तो हाताला कसा लागायचा ते आठवेनासं झालं होतं. मला औषध हवं होतं ते जगाच्या कल्याणासाठी वगैरे नाही. मला कराडच्या घरी जाऊन धैर्यशीलच्या शेजारी जेवायला बसायचं होतं. एवढंच.

आणि गंमत अशी, की 'आहे' म्हणायला लावणारी पूड त्यानेच आणलेली होती.

अगदी सुरुवातीची गोष्ट. पुण्याच्या संस्थेने मला यंत्र दिलं, पण पानं गोळा करायला माणसं दिली नव्हती. म्हणून मी धैर्यशीलला कामाला लावलं. जगाचा नकाशा तोंडपाठ असलेल्या या माणसाला पालक आणि चुका यांतला फरक कळत नाही. तरी दोन-चार शनिवार तो वरच्या पठारावर जाऊन मिळेल ते ओरबाडून आणत असे. बाहेरचं काही जसंच्या तसं माझ्यापर्यंत यायचं नाही. भिंतीतल्या दुहेरी दाराच्या झडपेतच ते गोठायचं, दळलं जायचं आणि पूड होऊन आत यायचं. त्यातली एक पुडी फ्रीजरच्या तळाशी राहून गेली होती. जागा करायला म्हणून काढली आणि टाकून देण्याआधी सासूबाईंना दाखवली, इतकंच. तपासणीत कळलं की ती भुरकी होती. कातळाच्या भेगांत आणि कुंपणांवर उगवणारं गुडघ्याएवढं झुडूप. गाईगुरंसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत.

मी लगेच मालनताईंना फोन केला. मालन शेलार या कारवट्याच्या महिला गटाच्या प्रमुख. धैर्यशीलची सुटका झाल्यापासून पानं गोळा करायचं काम त्यांचा गट करत होता आणि चोख करत होता.

"भुरकी?" त्या म्हणाल्या. "आवो, पोतंभर आणते की."

पोतंभर भुरकी आली. सासूबाई म्हणाल्या, नाही. पठाराच्या दुसऱ्या टोकाची आली. नाही. कोवळी, जून, फुलावरची, फुलं झडल्यावरची. पावसाळा आला, गेला. नाही, नाही आणि नाही. धैर्यशीलच्या पुडीत आता चिमूटभर पूड उरली होती. तिच्यातलं द्रव्य ओळखायलाही ती पुरत नव्हती.

पुण्याहून डॉ. मोहोळकर पडद्यावर आले. ते आमच्या विभागाचे प्रमुख, नेमस्त माणूस, आवाज कधी चढवत नाहीत.

"मृणाल, जुन्या पुडीत काहीतरी भेसळ झाली असणार. एखादं साफसफाईचं रसायन. असं होतं."

"दोनदा तपासलंय, सर."

"भेसळ दोनदा तपासली तरी भेसळच राहते." त्यांनी चष्मा पुसला. "पुढच्या वर्षी हे काम चालू ठेवता येईल असं मला वाटत नाही."

काम बंद म्हणजे यंत्र परत. यंत्र परत म्हणजे मी, काच आणि रविवार. जन्मभर.

रविवारी धैर्यशीलला विचारलं, "ती भुरकी नेमकी कुठली होती रे?"

"पठारावरची." तो बुटाच्या टोकाकडे बघत म्हणाला.

"पठार काय टेबलाएवढं आहे? कुठल्या बाजूची?"

"वरच्या बाजूची. आता इतकं कसं आठवेल, मृणाल?"

मालनताईंनी वरची बाजू पालथी घातली. नाही.

शेवटी मी उरलेली चिमूट पणाला लावली. त्या पुडीत ज्या कशाचे म्हणून अंश असतील, ते सगळे वाचून काढायचे असं ठरवलं. साफसफाईचं रसायन सापडलं नाही. पण भुरकीबरोबर दुसरं काहीतरी सापडलं. मिरचीवर बोकड्या नावाचा रोग पडतो, पानं आकसतात, पिवळी पडतात. त्या रोगाच्या विषाणूचे तुकडे. हा रोग एका पांढऱ्या माशीवाटे पसरतो. ती चिमुकली माशी मिरचीच्या वाफ्यातून शेजारच्या कुंपणापर्यंत जाईल, घाट चढून कातळावर काही येणार नाही.

पुढच्या रविवारी मी वाटच बघत होते.

"धैर्यशील, पठारावर मिरची कोण लावतं?"

"मिरची?"

मी सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. धैर्यशील हे नाव ज्यांनी ठेवलं त्यांनी बाळाकडे नीट पाहिलं नसावं असं मला नेहमी वाटायचं. साधं वेटरकडे परत पाणी मागायलाही त्याला जड जातं. मग तो म्हणाला, "मी त्या शनिवारी पठारावर गेलोच नव्हतो."

"मग?"

"शीतलकडे होतो. शीतल डुबल. प्राथमिक शाळेत शिकवते. कराडच्या बाहेर घर आहे तिचं. तुला पानं द्यायचीत हे निघताना आठवलं, म्हणून तिच्या कुंपणावरची तोडली. शेजारीच मिरचीचे वाफे आहेत."

आता मला सगळं कळलं होतं, तरी मी विचारलं. "तिच्याकडे कशाला?"

तो पुन्हा बुटाच्या टोकाकडे बघायला लागला. ते आलंच त्यात.

रस्त्याकडेची होती, आता आठवत नाही, असं तो म्हणाला असता तर मी मानलंही असतं. पण मग झुडूप सापडलं नसतं, हे त्याला कळत होतं. खोटं बोलून संसार राखता येत होता आणि खरं बोलून माझं औषध. आयुष्यात एकदाच त्या माणसाने अवघड गोष्ट निवडली, आणि तेवढं श्रेय मी त्याला देते. त्या दिवशी मात्र दिलं नाही.

"केव्हापासून?"

"तेव्हा नुकतंच. तू आत गेलीस, घर खायला उठायचं... मृणाल, मी एकही रविवार चुकवला नाही."

"उपकार झाले," मी म्हटलं आणि स्पीकर बंद केला. काचेपलीकडे त्याचे ओठ बराच वेळ हलत होते. मी आत जाऊन अर्काचं भांडं घासत बसले. इतकं रडू येत होतं की भांडं दोनदा घासलं.

त्या रडण्याचा एक तोटा झाला. पुडीत बोकड्या सापडला होता. कुठल्याही शहाण्या विद्यार्थ्याने तिथेच थांबून विचार केला असता. मी त्या बोकड्याकडे नुसतं पत्ता म्हणून पाहिलं. नवऱ्याचं खोटं पकडलं आणि माझ्यातली शास्त्रज्ञ तिथेच फतकल मारून बसली. मालनताईंना शीतल डुबलच्या घराचा पत्ता दिला, तिच्या कुंपणावरची भुरकी आणा म्हटलं, आणि पूड आली तशी सासूबाईंना दाखवली.

नाही.

त्या 'नाही'ने मी खरंच खचले. नवरा गेला तो गेला, वर त्याच्या बदल्यात काही मिळालंही नाही. मालनताईंना मी फोनवर नको ते बोलले; तुमच्या बायका दुसरंच काहीतरी उपटून आणत असतील, असंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी मालनताई स्वतः व्हरांड्यात हजर. नऊवारीचा ओचा खोचलेला, हातात भुरकीची जुडी. खुर्चीवर बसल्या नाहीत. जुडी त्यांनी सरळ काचेला लावून धरली.

"डॉक्टरीणबाई, माझा माल खोटा हाय का तुमचं यंत्र, एकदा डोळ्यांनी बगा. ही त्या डुबलबाईच्या कुंपणाची. येक डाग दाखवा. येक भोक दाखवा."

एकही नव्हतं. हिरवीगार, तुकतुकीत, एकसारखी पानं. इतकी वर्षं मी त्यांची पूड हाताळली होती, पानं आज पहिल्यांदा पाहत होते.

"महादेवाला बेल वाहताना कसं अखंड पान निवडतो, तसं येकेक निवडून घेतोय आमी," मालनताई म्हणाल्या. "पहिल्या दिसापासनं. गटातल्या पोरींना मी सांगूनच ठेवलंय."

"आणि डागाळलेली असतात ती?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"ती तिथंच टाकायची. आजारी माणसाच्या औषधाला आजारी पान चालतंय व्हय कुटं?"

मी कपाळाला हात लावला आणि हसायला लागले. मालनताईंना वाटलं असणार, बाईला एकटेपणाने वेड लागलं.

झाडाला पळता येत नाही. ताप काढता येत नाही, रक्तातून शिपाई पाठवता येत नाहीत. रोग पडला की ते आहे तिथे उभं राहून रसायनं बनवतं, आणि ती बनवणं महाग पडतं, म्हणून निरोगी पान त्यांच्या वाटेला जात नाही. विषाणू मिरचीचा असो की माणसाचा, स्वतःच्या प्रती काढायला लागणारा कच्चा माल तो पेशीच्याच कोठारातून उचलतो. भुरकीला बोकड्या झाला की ती त्या कोठाराला कडी घालणारं द्रव्य बनवते. आजारी भुरकी. आणि आम्ही वर्षानुवर्षं यंत्राला फक्त धडधाकट, सुखी पानं दाखवत होतो. भक्तिभावाने निवडलेली. एक माणूस तेवढा असा होता, ज्याला चांगलं पान आणि वाईट पान यांतलं काही कळत नव्हतं, आणि जो त्या दिवशी घाईत होता.

मालनताई गेल्यावर मी बराच वेळ फोन हातात घेऊन बसले. मग लावला.

"मी मृणाल धुमाळ बोलतेय."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. दुसरी झाली. मग बारीक आवाज आला, "हो मॅडम."

"तुमच्या कुंपणावरच्या भुरकीची पानं कधी आकसतात का? पिवळी पडतात?"

"बोकड्या ना? मिरचीवरनं येतो. दरवर्षी येतो. दिसला की मी उपटून टाकते ती झाडं."

"यंदाची?"

"मागच्या आठवड्यातच काढली सगळी. त्या बाई पानं न्यायला आल्या होत्या ना, तर कुंपण बरं दिसावं म्हणून." ती थांबली. "मोरीच्या मागं एक राहिलंय. तिथं हात पोचत नाही."

"त्याला हात लावू नका," मी म्हटलं. आणि मग, जिला आयुष्यात काही मागणार नाही असं ठरवलं होतं तिला म्हणाले, "प्लीज."

ते झुडूप तिने स्वतः आणलं. रिक्षाने, मांडीवर घेऊन. झडपेत ठेवताना मला ती दिसली. ठेंगणी, उन्हाने रापलेली, खांद्याला शाळेची पिशवी. सुंदर असती तर बरं झालं असतं, राग करायला सोपं गेलं असतं. तिने काचेकडे मान वर करून पाहिलं नाही. पाठमोरी होऊन पायऱ्या उतरून गेली.

सासूबाई म्हणाल्या, 'आहे.'

पुढची सगळी गोष्ट वर्तमानपत्रांत येऊन गेली आहे, मी कशाला उगाळू? संस्थेने ते द्रव्य ओळखलं, मग यीस्टकडून ते बनवून घ्यायची रीत शोधली, प्राण्यांवर, मग धडधाकट माणसांवर तपासून पाहिलं. त्याला दीड वर्ष लागलं. वर्तमानपत्रांत आलं नाही ते एवढंच, की यीस्टची रीत जमेपर्यंत लागलेली आजारी भुरकी शीतलच्या परसात वाढत होती. बारीक जाळीच्या मांडवात मिरची, भुरकी आणि पांढरी माशी एकत्र कोंडायची, आणि झाडं मरू द्यायची नाहीत, पण बरीही होऊ द्यायची नाहीत. आयुष्यभर झाडं नीटनेटकी ठेवणाऱ्या बाईला हे करताना फार वाईट वाटायचं. रोज संध्याकाळी ती फोनवर हालहवाल सांगायची.

"आज खालच्या ओळीतल्या तिघी फारच माना टाकतायत, मॅडम. पाणी देऊ का थोडं?"

"थोडं द्या. जास्त लाड नकोत."

आधी फोन दोन मिनिटांचा असायचा. मग तिच्या वर्गातली पोरं त्यात शिरली. एकाने डब्यात बेडूक आणला, एकीने फळ्यावर 'बाई खूप बोलतात' असं लिहून ठेवलं. कधीतरी मी तिला विचारलं की आज काय भाजी केली. धैर्यशीलचं नाव आम्ही दोघी घेत नव्हतो. तो अधूनमधून यायचा, काचेपलीकडे बसायचा, आणि आमचं बोलणं टाकीच्या पाण्यावर येऊन संपायचं. सहा वाजायला आले की मी फोनकडे बघायला लागते हे एकदा माझ्या लक्षात आलं, तेव्हा स्वतःचा असा राग आला की दोन दिवस तिचा फोन उचललाच नाही. तिसऱ्या दिवशी उचलला.

मग शेवटची पायरी आली. औषध काचवाल्यावरच तपासायचं. द्रव्य माझं, पेशी माझ्या, तर पहिला मान माझाच, असं मी मोहोळकरांना सांगून टाकलं. विषाणू नाकात सोडून पाहणं संस्थेच्या समितीला मान्य नव्हतं. तो किती सोडायचा हेच कुणाला ठाऊक नव्हतं. ठरलं ते असं: आठवडाभर औषध घ्यायचं आणि मग कोरडा झालेल्या एखाद्या साध्या माणसाने माझ्याबरोबर एका खोलीत तासभर बसायचं, बोलायचं, खोकायचं. फाटकाबाहेर डॉक्टर, ऑक्सिजन, रुग्णवाहिका. संस्थेने एक स्वयंसेवक शोधला होता, पण ऐन दिवशी त्याचा खोकला गेला. दुसरा शोधेपर्यंत पुन्हा सगळं लांबणार होतं.

तेव्हा शीतलचा फोन आला. आवाज घोगरा.

"मॅडम, वर्गातल्या पोरांनी मला कोरडा दिलाय. येऊ का?"

मी कॅलेंडरकडे पाहिलं.

"नको असेल तर राहू दे," ती घाईघाईने म्हणाली. "मलाही भीती वाटते. तुम्हाला काही झालं, तर लोक काय म्हणतील माझ्याबद्दल?"

"म्हणतील, बाईने अगदी पद्धतशीर काम केलं."

पलीकडे आधी हसू, मग हसण्यातून खोकला.

औषध लागू पडलं हे सांगायला नको, नाहीतर हे लिहायला मी उरले नसते. आज गावोगावच्या काचा निघतायत, आणि काही घरांत त्या निघाल्यावर पलीकडे कुणीच उभं नाही, असंही कळतं. तरी त्या दुपारी हे काही माहीत नव्हतं. दोन्ही दारं उघडली.

शीतल आत आली आणि दाराशीच उभी राहिली. तिच्याबरोबर वास आत आला. साबणाचा, घामाचा, खडूचा, बसच्या धुळीचा. गाळलेल्या हवेत राहून मी विसरूनच गेले होते की माणसाला वास असतो. या बाईला समोर गाठून काय काय सुनवायचं ते मी कितीतरी रात्री घोळवलं होतं. त्यातलं एक वाक्य आठवेना.

"कुठे बसू?" तिने विचारलं.

मी समोरची खुर्ची दाखवली. ती बसली. खोकली, सवयीने हात तोंडावर नेला, मग आठवण होऊन खाली घेतला. हे सगळं दोघींनाही इतकं चमत्कारिक वाटलं की आम्ही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

"तुम्ही माझा राग राग करत असाल," ती मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाली.

"करते."

"हं." तिने मान हलवली. "करावाच."

मग ती पोरांबद्दल बोलायला लागली, कारण काहीतरी बोलणं भाग होतं. मीही विचारत गेले. मध्येच तिला जोराची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं, आणि मी उठून तिच्या पाठीवर हात ठेवला. असं ठरलेलं नव्हतं. कुणी खोकलं की आपण ठेवतो, तसा ठेवला गेला. ब्लाऊजच्या कापडाखाली तिची पाठ गरम होती, श्वासाबरोबर हलत होती. किती वर्षांनी हाताला माणूस लागला होता. उबळ थांबली तरी मी हात काढला नाही आणि तीही हलली नाही.

भिंतीवरच्या पडद्यातून डॉक्टरांचा आवाज आला, "तास झाला, मॅडम. त्यांना बाहेर यायला सांगा."

शीतल उठली. पिशवी खांद्याला लावली. "येते मी."

"बसा ना," मी म्हटलं. माझा आवाज इतका केविलवाणा निघाला की एरवी मला लाज वाटली असती. "चहा टाकते. आल्याचा."

ती घुटमळली. दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पहिल्यांदाच नजर न चुकवता म्हणाली, "सर खाली गाडीत थांबलेत. मला घेऊन जायला."

याच माणसाच्या शेजारी जेवायला बसता यावं म्हणून मी हे सगळं केलं होतं. तो पन्नास पावलांवर होता, मध्ये काच नव्हती. मी खुर्ची पुन्हा तिच्याकडे सरकवली.

"थांबू दे त्याला," मी म्हणाले. "तू बस."